धूम, अग्नी आणि व्याप्ती

दूरच्या डोंगरावर धूर दिसला की तेथे विस्तव असला पाहिजे, हे गुराख्याच्या पोरालाही कळते. त्यासाठी कोणाला पाठशाळेत जावे लागत नाही. परंतु ‘असला पाहिजे’ या बोलण्यातला जो ‘पाहिजे’, तो कोठून आला, असा प्रश्न एकदा विचारला गेला आणि भारतीय तर्कशास्त्राची दीड हजार वर्षे त्याचे उत्तर शोधण्यात गेली. डोळ्यांना दिसतो तो धूर. अग्नी दिसत नाही. जे दिसले त्याच्या आधाराने जे दिसले नाही त्याविषयी निश्चयाने बोलण्याचा अधिकार माणसाला कशाने प्राप्त होतो? या अधिकाराच्या मुळाशी जो संबंध आहे त्यास शास्त्रकारांनी ‘व्याप्ती’ असे नाव दिले. धूर हा अग्नीने व्यापलेला आहे, म्हणजे अग्नीच्या कक्षेबाहेर धूर कोठेही सापडावयाचा नाही, असा त्याचा स्थूल अर्थ. ऐकण्यास हे सोपे वाटते. पण या एका शब्दाचे निर्दोष लक्षण बांधताना मोठमोठ्या पंडितांच्या बुद्धीची कसोटी लागली, आणि पुढे ईश्वराचे अस्तित्व व जगाचे सत्यत्व हे प्रश्नदेखील याच शब्दावर येऊन अडले.

या शास्त्राच्या परिभाषेशी मराठी माणसाचा परिचय नाही असे मुळीच नाही. उलट तो नको तितका आहे, आणि अडचण तेथेच होते. प्रतिज्ञा, हेतू, पक्ष, उपाधी, सिद्धांत, प्रमाण, तर्क, वितंडवाद हे सारे शब्द वादसभेच्या मांडवातून निघून घराघरांत शिरले आणि वाटेत त्यांचे अर्थ पालटले. प्रतिज्ञा म्हणजे आज शपथ. शास्त्रात ती म्हणजे जे सिद्ध करावयाचे त्याचा स्पष्ट उच्चार. हेतू म्हणजे आज मनातील उद्देश. शास्त्रात सिद्धतेचे साधन. तर्क म्हणजे व्यवहारात अंदाज. शास्त्रात मात्र ‘अग्नी नसता तर धूरही नसता’ अशा रीतीने उलट बाजूचे अनिष्ट दाखवून शंका निवारण्याची युक्ती. उपाधी म्हणजे एक तर पदवी, नाही तर मागे लागलेली कटकट. शास्त्रातील उपाधीचे वर्णन पुढे येईलच, आणि तीही एका परीने कटकटच आहे. व्यभिचार या शब्दाने आज कोणीही कानांवर हात ठेवील. परंतु नैयायिकाचा व्यभिचार म्हणजे हेतूने साध्य सोडून इतरत्र वावरणे, यापलीकडे काही नाही. तेव्हा या शब्दांचे नित्याचे अर्थ घटकाभर बाजूस ठेवल्याखेरीज या इतिहासात प्रवेश होत नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रांचे आजचे स्वरूप इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत सिद्ध झाले असे सामान्यतः मानतात. त्यात सोळा पदार्थांची गणना आहे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वादसभेशी निगडित आहेत. तत्त्व जाणण्यासाठी होणारा तो वाद, जिंकण्यासाठी होणारा तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे खोडून काढणे ती वितंडा, असा भेद सूत्रकाराने केला. वादी कोठे हरला हे ठरविण्यासाठी बावीस निग्रहस्थाने सांगितली. आपले म्हणणे दुसऱ्यापुढे मांडण्याची रीत म्हणून पाच अवयव नेमून दिले. ‘डोंगरावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञा. ‘कारण तेथे धूर आहे’ हा हेतू. ‘जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर’ हे उदाहरण. ‘या डोंगरावरही तसाच धूर आहे’ हा उपनय. ‘म्हणून डोंगरावर अग्नी आहे’ हे निगमन. यांतील डोंगर हा पक्ष, अग्नी हे साध्य, धूर हा हेतू. जेथे साध्य असल्याचे आधीच ठाऊक आहे ते स्वयंपाकघर म्हणजे सपक्ष, आणि जेथे ते नसल्याची खात्री आहे तो पाण्याने भरलेला डोह म्हणजे विपक्ष. उदाहरणाविषयी सूत्रकाराने घातलेली अट लक्षात ठेवण्याजोगी आहे : ज्या गोष्टीबद्दल सामान्य मनुष्य आणि परीक्षक पंडित या दोघांचे एकमत आहे तीच दृष्टांत म्हणून घ्यावी. घरचाच साक्षीदार उभा करण्यास येथे मज्जाव आहे.

तथापि ‘जेथे जेथे’ हे शब्द सूत्रकाळी आजच्याइतके पक्के बसलेले नव्हते. पुढे रूढ झालेल्या अर्थाने ‘व्याप्ती’ ही संज्ञाही सूत्रांत आढळत नाही. त्या काळी भर होता तो साधर्म्यावर : डोंगर स्वयंपाकघरासारखा, म्हणून तेथेही अग्नी. नुसत्या सारखेपणावर विसंबण्यात धोका असतो हे प्रतिपक्षाच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. ‘शब्द अनित्य आहे, कारण तो घटासारखा उत्पन्न होतो’ असे कोणी म्हटले की दुसरा उठून म्हणे, ‘घटासारखा असेल तर तो घटासारखा डोळ्यांनाही दिसला पाहिजे!’ अशा फसव्या उत्तरांना सूत्रकाराने जाती म्हटले आणि त्यांचे चोवीस प्रकार मोजले. पण चोर मोजल्याने घराला कुलूप लागत नाही. कोणते साम्य कामाचे आणि कोणते निकामी, हे ठरविणारा नियम अजून हाती यावयाचा होता.

तो नियम काटेकोरपणे मांडण्याचे श्रेय बौद्ध आचार्य दिङ्नागाकडे जाते. पाचव्या शतकाचा शेवट आणि सहाव्याचा पूर्वार्ध हा त्याचा काळ. सद्धेतूला तीन रूपे असली पाहिजेत असे त्याने प्रतिपादिले : हेतू पक्षात असावा, सपक्षात असावा आणि विपक्षात अजिबात नसावा. इतक्यावर न थांबता त्याने ‘हेतुचक्र’ नावाचे छोटे प्रकरण लिहिले आणि शक्य तेवढे सर्व प्रकार एका कोष्टकात बसविले. सपक्षात हेतू सर्वत्र असेल, काही ठिकाणी असेल किंवा कोठेच नसेल. विपक्षातही तसेच तीन प्रकार. तिन्ही त्रिक नऊ. ‘शब्द अनित्य, कारण तो उत्पन्न होतो’ यात हेतू सर्व अनित्य वस्तूंत आहे व नित्य वस्तूंत कोठेही नाही, हा शुद्ध. ‘शब्द अनित्य, कारण तो प्रयत्नाने उत्पन्न होतो’ यातील हेतू घटात आहे पण विजेत नाही, कारण वीज अनित्य असूनही कोणी प्रयत्न करून ती पाडीत नाही. तरी नित्य वस्तूंत तो कोठेच सापडत नसल्यामुळे हाही शुद्ध. ‘शब्द नित्य, कारण तो उत्पन्न होतो’ हा उलट्या टोकाचा, म्हणजे विरुद्ध हेतू. ‘शब्द नित्य, कारण तो ज्ञानाचा विषय होतो’ यातील हेतू जगातील यच्चयावत् वस्तूंत आहे. तेव्हा त्याने काहीच ठरत नाही. आणि ‘शब्द नित्य, कारण तो कानाने ऐकू येतो’ यातील हेतू शब्दावाचून दुसरीकडे मिळतच नाही. साक्षीला कोणी नसल्यामुळे तोही निरुपयोगी. नवांपैकी दोन शुद्ध, दोन विरुद्ध आणि पाच अनिश्चित असा हिशेब निघाला. कोणत्या पंथाचा मनुष्य बोलत आहे याची या कोष्टकाला पर्वा नाही. नैयायिकाचा हेतू असो की बौद्धाचा, तो आपल्या घरात जाऊन बसतो. आकारावरून योग्यायोग्यता ठरविणे, ज्याला आज आकारिक तर्कशास्त्र म्हणतात, त्याच्या इतके निकट जाणारे दुसरे प्रकरण त्या काळच्या भारतीय वाङ्मयात दाखविणे कठीण आहे. खेदाची गोष्ट एवढीच की हेतुचक्राचे मूळ संस्कृत ज्या देशात लिहिले गेले तेथे टिकले नाही. तिबेटी भाषांतराच्या रूपाने ते वाचले. दिङ्नागाच्या ‘प्रमाणसमुच्चया’चीही तीच गत झाली. त्यावरील जिनेंद्रबुद्धीच्या टीकेचा पहिला परिच्छेद संस्कृतात छापून निघण्यास २००५ साल उजाडावे लागले.

उद्योतकराने ‘न्यायवार्तिक’ लिहिले ते दिङ्नागाचे खंडन करण्याच्या प्रतिज्ञेने. खंडन त्याने आवेशाने केले. पण ग्रंथ वाचून संपतो तेव्हा नैयायिकाच्या हातात प्रतिपक्षाचेच हत्यार आलेले असते. सपक्ष-विपक्षांची ती बारीक विभागणी त्यानेही स्वीकारली आणि आणखी पुढे नेली. या शास्त्राच्या इतिहासात असे वारंवार घडलेले दिसते. सातव्या शतकात धर्मकीर्तीने असे विचारले की हा नियत संबंध मुळात कशामुळे असतो, आणि त्याने दोनच आधार मान्य केले : एक तादात्म्य, जसे शिंशपा आणि वृक्ष, दुसरा कार्यकारणभाव, जसे धूर आणि अग्नी. नैयायिकांस हे अपुरे वाटले. कृत्तिका उगवल्या की थोड्याच वेळात रोहिणी उगवणार, हे कोणीही सांगेल. पण कृत्तिका म्हणजे रोहिणी नव्हेत आणि त्या रोहिणीला जन्मही देत नाहीत. जैन आचार्य पात्रस्वामीने तर तिन्ही रूपे बाजूस सारून एकच लक्षण पुरेसे मानले : साध्यावाचून हेतूची उपपत्ती न लागणे.

आता चार्वाकाचे ऐकले पाहिजे, कारण या सभेत सर्वांत अवघड प्रश्न त्याचाच होता. तुम्ही दहा चुली पाहिल्या, शंभर पाहिल्या, हजार पाहिल्या असे समजू. पण ‘जेथे जेथे’ म्हणताना तुम्ही न पाहिलेल्या सर्व ठिकाणांविषयी आणि अजून न आलेल्या काळाविषयी बोलता. ते तुम्हांस कसे कळले? प्रत्यक्षाने म्हणाल तर ते प्रत्यक्ष नाही. अनुमानाने म्हणाल तर त्या अनुमानालाही व्याप्ती हवी आणि तिच्यासाठी आणखी एक अनुमान हवे. हा पेच खोटा नाही. आजही ज्याला या प्रश्नात काही अडचणच दिसत नाही त्याने प्रश्न नीट ऐकला नाही असेच म्हणावे लागेल.

मिथिलेच्या उदयनाचार्याने दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात ‘न्यायकुसुमांजली’त त्याला उत्तर दिले. अन्य देशी, अन्य काळी नियम मोडेल अशी शंका तुम्ही घेता. पण तो अन्य देश आणि अन्य काळ तुम्ही तरी पाहिला आहे काय? तो आहे हेही तुम्ही अनुमानानेच मानले. म्हणजे शंका घेतल्याबरोबर अनुमान मान्य झाले. आणि शंका घेतली नाही तर प्रश्नच मिटला. शिवाय शंकेलाही मर्यादा आहे : जेथे ती स्वतःच्या आचरणाशी विसंगत होते तेथे ती थांबलीच पाहिजे. बाराव्या शतकात ‘नैषधीयचरिता’चा कर्ता श्रीहर्ष याने ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात हेच उत्तर हाती घेतले आणि उदयनाच्या श्लोकातील मोजके शब्द इकडचे तिकडे करून त्याचा अर्थ उलटवून टाकला. विसंगती आहे असे म्हणता, म्हणजे तिच्या दोन टोकांपैकी एक टोक म्हणून शंका आहेच. विसंगती नसेल तर शंकेला अडविणारे कोण? पंडितांच्या सभेत यावर हशा आणि टाळ्या झाल्या असतील यात नवल नाही. पण ज्यांनी आयुष्य न्यायात घालविले त्यांना तो विनोद वाटणे शक्य नव्हते. पायाखालची फरशीच हलली होती.

त्या फरशीची पुन्हा बांधणी केली ती चौदाव्या शतकाच्या सुमारास मिथिलेच्याच गंगेशोपाध्यायाने. त्याचा ‘तत्त्वचिंतामणी’ हा नव्यन्यायाचा मूळ ग्रंथ. श्रीहर्षाला त्याने दिलेले उत्तर फार साधे आहे आणि साधेपणातच त्याचे बळ आहे. विसंगती म्हणजे दोन वाक्यांची टक्कर नव्हे. ती शंका घेणाऱ्याच्या वागण्यात आहे. धूर पाहिजे असताना जो निःशंकपणे विस्तव पेटवितो, भूक भागावी म्हणून अन्नाकडे हात नेतो, दुसऱ्याला पटावे म्हणून तोंड उघडून बोलतो, त्याने या कार्यकारणांवर संशय आहे असे म्हणू नये. शब्दाने समजूत पडते याचीच शंका असेल तर श्रीहर्षाने ग्रंथ कशाला लिहिला? शंका ओठांवर आणता येते, हाताने पाळता येत नाही. अशा रीतीने अनेक वेळा एकत्र पाहणे, व्यभिचार न दिसणे आणि तर्काने शंका निवारणे यांतून व्याप्तीचे ज्ञान होते असे त्याने ठरविले. माणसाला सर्वज्ञ न करता त्याच्या ज्ञानाला हा आधार त्याने दिला, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु व्याप्ती कळते हे ठरले, तरी ती म्हणजे नेमके काय? गंगेशाने आधी एकामागून एक लक्षणे मांडली आणि स्वतःच खोडली. आरंभीची पाच लक्षणे पाठशाळांतून ‘व्याप्तिपंचक’ या नावाने शिकविली जातात. त्यांचा सामान्य आशय असा की जेथे साध्य नाही तेथे हेतू नसणे म्हणजे व्याप्ती. हे पुरेसे का नाही? नैयायिकांच्या मते ज्ञानाचा विषय न होणारी वस्तू जगात नाही. मग ‘हे जाणण्याजोगे आहे, कारण याला नाव देता येते’ या अनुमानात साध्य नसलेले ठिकाणच सापडत नाही. आणि जे ठिकाण नाही तेथे हेतू नसतो हे म्हणणे पोकळ ठरते. दुसरी अडचण माकडाने आणली. झाडाच्या फांदीवर माकड बसले आहे, बुंध्याशी नाही. झाडाला माकडाचा संयोग आहे आणि नाहीही. एकाच ठिकाणी वस्तू व तिचा अभाव दोन्ही नांदत असतील तर ‘जेथे साध्य नाही’ या शब्दांचा अर्थ काय करावयाचा? शेवटी गंगेशाने सिद्धांत म्हणून जे लक्षण दिले त्याचा भावार्थ असा : हेतू जेथे जेथे राहतो तेथे तेथे ज्यांचा अभाव राहतो अशा वस्तूंची यादी करावी, त्या यादीत साध्य कधीही येता कामा नये. धुराच्या ठिकाणी घट नसेल, वस्त्र नसेल, पुस्तक नसेल. पण अग्नी नाही असे एकही ठिकाण नाही. पुढे नवद्वीपाच्या रघुनाथ शिरोमणीने, आणि सतराव्या शतकात जगदीश व गदाधर यांनी, याच लक्षणाच्या शब्दाशब्दावर अवच्छेदक, प्रतियोगी, निरूपक अशा संज्ञांची जी योजना केली ती वाचताना नवख्याची छाती दडपते. तिची थट्टाही पुष्कळ झाली. परंतु १९५१ साली हार्वर्ड येथे डॅनियल इंगॉल्स यांनी नव्यन्यायावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा या अवघड भाषेत आधुनिक चिन्हांकित तर्कशास्त्राशी तुलना करण्याजोगे पुष्कळ काही आहे हे पाश्चात्त्य अभ्यासकांनाही दिसून आले. येथे एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. ‘सर्व दगड पाण्यावर तरंगतात; जाते दगडाचे आहे; म्हणून जाते तरंगते’ ही रचना ग्रीकांच्या परंपरेतील तार्किक आकाराने निर्दोष म्हणेल आणि चूक पहिल्या वाक्यात आहे असे सांगून मोकळा होईल. नैयायिक असे म्हणणार नाही. जेथे व्याप्तीच खोटी तेथे अनुमान झालेलेच नाही. त्याच्या लेखी ज्ञान व्हावयाचे आहे, केवळ वाक्ये जुळावयाची नाहीत.

आता उपाधी. ‘डोंगरावर धूर आहे, कारण तेथे अग्नी आहे’ असे उलटे अनुमान केले तर? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघतो तो ओल्या सरपणामुळे. जेथे धूर तेथे ओले सरपण असतेच. पण जेथे अग्नी तेथे ते असतेच असे नाही. असा जो तिसरा पदार्थ साध्याला व्यापतो आणि हेतूला व्यापीत नाही, तो उपाधी. न कळत मध्ये येऊन बसलेली ही अट उघड झाली की अनुमान कोसळते. शास्त्रकारांचे दुसरे उदाहरण अधिक घरगुती आहे. मैत्रीचे सात मुलगे सावळे. म्हणून आठवाही सावळाच असला पाहिजे. जुन्यांची समजूत अशी की गर्भारपणी आईने पालेभाजी फार खाल्ली तर मूल सावळे होते, आणि आठव्या खेपेस तिचा आहार निराळा असू शकतो. वैद्यकीयदृष्ट्या ती समजूत आज कोणी मानणार नाही. पण तर्काचा मुद्दा अबाधित आहे. सात वेळा जुळले ते ज्यामुळे जुळले ते कारण मैत्रीचा पुत्र असणे हे नव्हे.

या उपाधीने सर्वांत मोठा प्रसंग आणला तो ईश्वरानुमानावर. उदयनाने व्याप्तीचे इतके रक्षण केले ते काही धुरासाठी नव्हे. पृथ्वी, अंकुर इत्यादी वस्तू कार्य आहेत. जे जे कार्य त्याला त्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार. म्हणून जगालाही कर्ता आहे, असे अनुमान त्याने ‘न्यायकुसुमांजली’त मांडले. प्रतिपक्षाने उपाधी पुढे केली : कुंभारासारखे कर्ते सर्व शरीरधारी आहेत, कर्तृत्व तेथेच दिसते जेथे वस्तू शरीराकडून घडते, आणि अंकुर शरीराने कोणी घडविताना दिसत नाही. नैयायिकांनी उत्तरे दिली, प्रत्युत्तरे आली, आणि भाविकाचे मन धास्तावेल असा तो प्रसंग होता. कारण एका सरपणाच्या काटकीसारख्या आक्षेपावर ईश्वराचे अस्तित्व तोलले जात होते.

वेदांताचार्यांनी येथे वेगळी वाट धरली. शंकराचार्य, रामानुजाचार्य आणि मध्वाचार्य यांचे आपापसांत मतभेद किती खोल आहेत हे सांगावयास नको. तरी परतत्त्वाचे ज्ञान श्रुतीवरून होते, स्वतंत्र अनुमानाने नव्हे, याविषयी तिघेही एका बाजूस आहेत. ‘श्रीभाष्या’त तर ईश्वरानुमानाचे सविस्तर खंडनच आहे, आणि ते नास्तिकाने नव्हे, परम वैष्णवाने केलेले आहे. म्हणून तर्काला वेदांताने हद्दपार केले काय? मुळीच नाही. श्रुतीचा अर्थ लावताना आणि प्रतिपक्षाशी बोलताना तर्क पाहिजेच, असे म्हणून वेदांताच्या पाठशाळांतून न्यायाचे अध्ययन चालू राहिले. साधन पूर्ण शिकावयाचे, पण देवाला त्याच्यावर टांगून ठेवावयाचे नाही, असा हा व्यवहार होता.

द्वैतसंप्रदायाने तर साधनातही दुरुस्ती केली. जयतीर्थांच्या ‘प्रमाणपद्धती’त हेतू पक्षातच असला पाहिजे हा जुना आग्रह नाही, व्याप्ती असावी आणि हेतू योग्य त्या स्थळी असावा, एवढे पुरे. खालच्या अंगाला नदीला पूर आलेला पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असे आपण जाणतो. तेथे पूर एकीकडे आणि पाऊस दुसरीकडे. दिङ्नागाच्या पहिल्या अटीत हे अनुमान ओढूनताणून बसवावे लागते. जयतीर्थांच्या व्यवस्थेत ते सहज बसते. विजयनगरच्या वैभवकाळातील व्यासतीर्थांनी ‘तर्कतांडवा’त गंगेशाच्या मतांचीच झडती घेतली आणि ‘न्यायामृता’त अद्वैतावर चाल केली.

अद्वैत्यांचे एक प्रसिद्ध अनुमान असे : हा प्रपंच मिथ्या आहे, कारण तो दृश्य आहे, जसे शिंपल्यावर भासलेले रुपे. व्यासतीर्थांनी या वाक्याचा एकेक अवयव सुटा केला. मिथ्या म्हणजे काय, याची पाच लक्षणे घेऊन ती तपासली. दृश्य म्हणजे काय? अंतःकरणवृत्तीचा विषय होणे असे म्हणाल, तर महावाक्यापासून उत्पन्न होणाऱ्या वृत्तीचा विषय ब्रह्मही होते. तुमचा हेतू ब्रह्माच्या ठिकाणी गेला आणि तेथे मिथ्यात्व तर तुम्हांलाही नको आहे. हाच तो व्यभिचार. व्यासतीर्थ १५३९ साली समाधिस्थ झाले. त्यांचे वृंदावन आनेगुंदीजवळ तुंगभद्रेच्या पात्रातील नववृंदावनात आहे. त्यांच्यानंतर मधुसूदन सरस्वतींनी ‘अद्वैतसिद्धी’ लिहून न्यायामृताच्या आक्षेपांस क्रमाने उत्तर दिले. शुद्ध ब्रह्म वृत्तीचा विषय होतच नाही, विषय होते ते उपहित ब्रह्म, म्हणून हेतू विपक्षात जात नाही, हे त्यांचे एक उत्तर. त्यावर रामाचार्यांची ‘तरंगिणी’, आणि तिच्यावर ब्रह्मानंदांची ‘चंद्रिका’. कोण जिंकले हे ज्याने त्याने आपल्या संप्रदायाप्रमाणे सांगावे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की दोन्ही बाजूंचे लोक हेत्वाभासांच्या एकाच यादीने एकमेकांस मोजीत होते : सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध, बाधित. गोमंतकात कवळ्याचा मठ अद्वैताचा आणि पर्तगाळीचा मठ द्वैताचा. दोन्हींचे शिष्य सोयरीकसंबंधाने बांधलेले. त्यांच्या वैदिक-शास्त्री मंडळींत मतभेद असला तरी ‘व्यभिचार दाखवा’ या शब्दांचा अर्थ दोघांनाही सारखाच कळे.

मराठी मुलुखाचा या शास्त्राशी संबंध केवळ ऐकीव नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात काशीत ‘न्यायकौस्तुभ’ लिहिणारे महादेव पुणतांबेकर आडनावावरूनच गोदातीराचे ठरतात. भवानंदांच्या न्यायग्रंथावरही त्यांनी टीका रचली. त्याच शतकात आंध्रातील अन्नंभट्टाने बालकांस सुलभ व्हावे म्हणून ‘तर्कसंग्रह’ केला, आणि मग महाराष्ट्र-कर्नाटकांतील पाठशाळांत व्याकरणाच्या जोडीने त्याचे पाठांतर सुरू झाले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाल्यावर इंग्रजी तर्कशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्यांपुढे तोच तर्कसंग्रह पुन्हा आला. यशवंत वासुदेव आठल्ये यांच्या टिपांसह आणि महादेव राजाराम बोडस यांच्या प्रस्तावनेसह १८९७ साली मुंबई संस्कृत ग्रंथमालेत निघालेल्या आवृत्तीत अन्नंभट्टाचे पाच अवयव ॲरिस्टॉटलच्या तीन वाक्यांशेजारी येऊन बसले.

त्याच ग्रंथमालेत १८९३ साली भीमाचार्य झळकीकर यांच्या ‘न्यायकोशा’ची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली होती. झळकी हे विजापूरकडचे गाव. ‘काव्यप्रकाशा’वर ‘बालबोधिनी’ टीका लिहिणारे वामनाचार्य हे भीमाचार्यांचे बंधू. न्यायाच्या संज्ञा अकारविल्हे लावून, कोणत्या ग्रंथात कोणत्या अर्थाने शब्द आला आहे त्याचा निर्देश करीत, आणि मीमांसा, वेदांत, व्याकरण यांतील अर्थही सोबत देत त्यांनी हा कोश रचला. पुण्याच्या वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी त्याचे संशोधन करून भांडारकर संस्थेतर्फे १९२८ साली तिसरी आवृत्ती सिद्ध केली. पक्ष, प्रतिज्ञा, व्यभिचार, व्याप्ती हे शब्द आपले मूळचे अर्थ घेऊन त्या कोशात उभे आहेत, आणि ज्या आचार्यांनी हयातभर एकमेकांचे खंडन केले त्यांची लक्षणे तेथे एकाच शब्दाखाली, एकाखाली एक, छापलेली आहेत.